दगडावरची पाटी

पाटी दगडावर ठेवायची. माझ्या हातात न्हाई, दगडावर.

पाटलाच्या ओसरीच्या पायऱ्या जिथं अंगणात संपायच्या, तिथं एक काळा चपटा दगड होता. आधी त्याच्यावर गडी लोक पाय धुवायचे. मी शिकवायला जायला लागलो तसा तो दगड पाटीसाठी झाला. पाटलाचा पोरगा बापू वर सतरंजीवर बसून हिसाब मांडायचा. झाला की उठायचा, पायऱ्या उतरायचा, पाटी दगडावर ठेवायचा आणि मागं सरकायचा. मंग मी पुढं व्हायचं. पाटी उचलायची, जिथं चुकलं तिथं बराबर करून लिहायचं, परत दगडावर ठेवायची आणि मागं सरकायचं. मंग पाटलीणबाई तांब्या घेऊन यायच्या. बोटातली सोन्याची अंगठी काढून तांब्यात बुडवायच्या, म्हणजे पाणी शुद्ध झालं. ते पाणी पाटीवर ओतायच्या.

मी लिहिलेलं सगळं वाहून जायचं.

बापू पाटी उचलायचा, धोतरानं पुसायचा, वर जाऊन बसायचा.

"कळलं का, बापूसाहेब?" मी खालून विचारायचो. तो तेरा-चौदा वर्षांचा. मी त्याला साहेब म्हणायचं, त्यानं मला ए मास्तर म्हणायचं.

"काय कळायचं? पाटीवर काहीच न्हाई," तो म्हणायचा. पोरगं खोटं बोलत न्हव्हतं.

पहिल्याच दिवशी मी पाटलाला म्हणालो, "पाटील, पाण्यानं लिहिलेलं जातंय जी. पोरानं वाचायच्या आधीच जातंय."

पाटील बाजेवर बसून पानाला चुना लावत होते. मान वर न करता म्हणाले, "जातंय तर परत लिही. तुला दुसरं काम काय हाय?"

गडी हसले. पाटलीणबाई हसल्या. बापू हसला. मीही हसलो. मी का हसलो, ते मला आजवर सांगता आलं न्हाई.

ही गोष्ट हैद्राबादच्या राज्यातली. आमचं गाव बदनापूरपासून पायी जायच्या अंतरावर, दुधनेच्या काठाला. मी म्हाराचा. पण मिडल पास. त्या वक्ताला आमच्या भागात मिडल पास माणसाला कचेरीत खुर्ची मिळायची. मला म्हारवाड्यातली शाळा मिळाली. सरकारनं खालच्या जातींच्या पोरांसाठी काढल्ती. चार कुडाच्या भिंती, वर पत्रा, उन्हाळ्यात आत भाजून निघायचो. तरी मला ती शाळा आवडायची. तिथं मी खुर्चीवर बसायचो, आणि पोरं मला गुरुजी म्हणायची.

मिडलचं इम्तिहान साऱ्या राज्याला एकच. पर्चे हैद्राबादेत छापायचे आणि लाखेची मोहर लावून यायचे. औरंगाबादच्या पोराला जो सवाल, तोच बिदरच्या पोराला. सगळं उर्दूत. हिसाब उर्दूत, इतिहास उर्दूत. घरात मराठी बोलणाऱ्या पोराच्या तोंडाला फेस यायचा. लेखी झालं की जबानी इम्तिहान, साहेबाच्या पुढं उभं राहून. लई कडक मामला. पण मला त्या इम्तिहानाची एक गोष्ट पटायची. पर्च्याला कुणाची जात माहीत नसायची. मोहर फोडली की पाटलाचं पोरगं अन् म्हाराचं पोरगं एकाच सवालापुढं बसायचं. मी माझ्या पोरांना हे रोज सांगायचो. माझा त्याच्यावर पुरा विश्वास होता.

मी स्वतः शिकलो अंबडला. तिथं एक मौलवीसाहेब होते. मारायचे जबर. माझ्या पोटऱ्या कायम सुजलेल्या. पण पहिल्या दिवशी त्यांनी मला पुढ्यात बसवलं, माझ्या मुठीवर स्वतःची मूठ ठेवली, बोरू कसा धरायचा ते दाखवलं आणि पहिलं अक्षर माझ्याकडून काढून घेतलं. त्यांच्या हाताला अत्तराचा अन् तंबाखूचा वास होता. घरच्या माणसांशिवाय माझा हात तोवर कुणी धरला न्हव्हता. शिकवायचं म्हणजे हात धरायचा, एवढंच मला कळत होतं. पाटलाच्या अंगणात मला हात धरायची परवानगी न्हव्हती, आणि पोरगं मात्र पास करायचं होतं.

मंग मी जायचोच कशाला? सांगतो.

माझा धाकटा भाऊ सखा. माझ्याच हाताखाली शिकलेला. हुशार होता म्हणणार न्हाई, चिवट होता. एक गोष्ट समजली न्हाई तर ती समजेपर्यंत जेवायचा न्हाई. बा गेल्यावर मायनं आम्हाला लोकांच्या खळ्यावर राबून वाढवलं. सखानं मिडल व्हावं, तहसीलीत चिकटावं, एवढं एकच आमच्या घरात ठरल्तं. पण तो कुठल्या मिडल शाळेत न्हव्हता, खानगी बसणार होता. खानगी बसणाऱ्याला गावच्या पाटलाचा नेकचलनीचा दाखला लागायचा. हा पोरगा आमच्या गावचा, ह्याचं वागणं चांगलं, असं पाटलानं लिहून द्यायचं. दाखला न्हाई तर इम्तिहान न्हाई.

आणि पाटलाचा बापू अंबडच्या शाळेतून नापास होऊन घरी आल्ता. तिथल्या गर्दीत त्याची पाटी कधी कुणी तपासलीच न्हव्हती. पाटलाला तो पास झालेला पाहिजे होता. मोठ्या घरची सोयरीक त्याच्यावर अडल्ती. गावात उर्दू बराबर येणारा माणूस मी एकटा.

"बापूला तयार कर. तुझ्या भावाचा दाखला देतो," पाटील म्हणाले.

"जी," मी म्हणालो.

असा सौदा होता. त्यात माझा पाय अडकला.

पाटीवर लिहून उपयोग न्हाई हे कळल्यावर मी जमिनीवर लिहायला लागलो. अंगणातली माती बोटानं सारखी करायची अन् अक्षर काढायचं. मातीला कुणी पाणी टाकत न्हव्हतं. पण बापू वर बसलेला, माझ्याकडं तोंड करून. त्याला सगळं उलटं दिसायचं. तो मान वाकडी करून बघायचा, वैतागायचा, लघवीला म्हणून उठून जायचा. मंग मी उलटं लिहायला शिकलो. माझ्या बाजूनं अक्षर डोक्यावर उभं, त्याच्या बाजूनं सरळ. शब्द झाले. ओळी झाल्या. पुढं पुढं त्रैराशिकाचं गणित मी अख्खं उलटं मांडायला लागलो. गडी लोक गंमत बघायला उभे राहायचे. "मास्तर तर डोंबाऱ्यावानी करून राह्यलाय," एक जण म्हणला. मीही त्याला हसून मान हलवली.

माणूस एका दिवसात बधिर होत न्हाई. पहिले काही दिवस घरी आलो की भाकर गिळत न्हव्हती. मंग गिळायला लागली. आधी तांब्याचं पाणी पाटीवर पडलं की मी दुसरीकडं बघायचो. मंग सरळ तिकडंच बघत राहायला लागलो. पाणी दगडावरून ओघळून मातीत जिरायचं, त्याची एक वाट तयार झाल्ती, ती बघायचो. आत काही हलत न्हव्हतं. राग न्हाई, लाज न्हाई. माय विचारायची, "आज काय झालं रं तिथं?"

"भागाकार झाला," मी म्हणायचो.

सखा काही विचारत न्हव्हता. त्याला सगळं माहीत होतं. तो खाली मान घालून पाठांतर करत राहायचा.

एक दिवस मात्र निराळा गेला. रामनवमीला पाटलीणबाई समर्थांच्या देवळाला जांबला गेल्त्या. घरात तांब्या घेऊन यायला कुणी न्हव्हतं. पाटील शेतावर. बापूनं हिसाब केला. पहिल्या झटक्यात बराबर आल्ता, आणि ते त्यालाही कळल्तं. खुशीत तो पायऱ्या उतरून पळत आला अन् त्यानं पाटी माझ्यापुढं धरली. हातात धरली. मी हात पुढं केला. पाटीची लाकडी कड माझ्या बोटांना लागली.

मंग त्याचं त्यालाच काही आठवलं. त्यानं पाटी ओढून घेतली, वाकला, दगडावर ठेवली आणि मागं सरकला. कुणी बघत न्हव्हतं. कुणी सांगितलं न्हव्हतं.

"बरोबर हाय का?" त्यानं विचारलं.

"बरोबर हाय, बापूसाहेब," मी म्हणालो. मी पाटी उचलली न्हाई. लांबूनच बघितली.

उन्हाळ्यात इम्तिहान आलं. जालन्याला. पाटलानं शब्द पाळला, सखाचा दाखला दिला. आम्ही चौघं निघालो. पाटील अन् बापू बैलगाडीत, मी अन् सखा गाडीमागं चालत. बदनापूरच्या ठेसनावर बापूची वळकटी माझ्या डोक्यावर आली. सखा घ्यायला पुढं झाला तर मी त्याला हातानं मागं सारलं. त्याला इम्तिहान द्यायचं होतं. मी जालन्याच्या ठेसनावरून शाळेपर्यंत ती वळकटी डोक्यावर नेली. रस्त्यात मला ओळखणारा एक जुना सोबती भेटला, कचेरीत कारकून झालेला. त्यानं बघितलं अन् बघितलं न्हाई असं केलं. बरंच झालं.

लेखी पर्चे झाले. सखा बाहेर आला की मी त्याच्याकडून सवाल ऐकायचो, त्यानं काय लिहिलं ते ऐकायचो. पास होत होता. बापूचंही बरं चालल्तं. खरं सांगतो, मला बापूचंही बरं वाटत होतं. इतके महिने उलटं लिहिलेलं त्याच्या डोक्यात सरळ बसल्तं.

मंग जबानीचा दिवस. शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून इम्तिहान घेणारे साहेब बसल्ते. काळी शेरवानी, चष्मा, शेजारी तिपाईवर काचेचा गिलास. पोरं रांगेनं जात होती. आई-बाप, मास्तर अंगणात लिंबाखाली उभे. पाटील पुढं, मी सगळ्यात मागं. पण मला दिसत होतं.

बापूची पाळी आली. साहेबांनी दोन-तीन सवाल विचारले, त्यानं धडाधड उत्तरं दिली. साहेबांनी मान डोलावली. मंग पाटीवर एक हिसाब लिहून त्याला दिला. बापूनं उभ्या उभ्या केला. बराबर केला असणार, कारण त्याचा चेहरा रामनवमीच्या दिवशीसारखा झाल्ता.

मंग तो वाकला. पाटी साहेबांच्या बुटांपुढं फरशीवर ठेवली. आणि मागं सरकून उभा राहिला.

साहेब बघत राहिले. "ये क्या है?"

बापू इकडं तिकडं बघून राह्यल्ता. कुणी तरी तांब्या घेऊन येईल म्हणून. हे त्या व्हरांड्यात मला एकट्याला कळलं.

"उठाओ," साहेब म्हणाले.

बापूला उलगडेना. पाटी साहेबांनीच उचलायची असते, त्याला एवढंच ठाऊक. तो आणखी मागं सरकला, साहेबांना जागा करून द्यायला.

साहेब ताडकन उठले. कान लाल झाल्ते. "मुझे अछूत समझा है?" ते चपराशाकडं वळले. "निकालो इसे."

चपराशानं बापूच्या दंडाला धरून त्याला बाहेर काढलं. तिपाईवरचा गिलास धक्क्यानं पडला, पाणी फरशीवर पसरलं. इम्तिहान थांबलं. साहेब आत निघून गेले. ते परत खुर्चीवर येईस्तोवर सारी पोरं उन्हात उभी होती.

मी लिंबाखाली उभा होतो. मला नीट आठवतं, मला त्या वक्ताला दया आली न्हाई, आनंद झाला न्हाई. मी एवढंच बघत होतो की गिलासातलं पाणी फरशीवरून ओघळत चाललंय. एका पोरानं एकदा पाटी खाली ठेवली. एकदा. त्याच्यासाठी इम्तिहान बंद पडलं, चपराशी धावले. माझ्यापुढं ती रोज ठेवली जात होती आणि काहीच बंद पडत न्हव्हतं. मीसुद्धा काही बंद पाडलं न्हव्हतं. बधिर झालेल्या पायात रगत परत यायला लागलं की मुंग्या येतात, तसं माझ्या आत कुठं तरी झालं. मला ते नको वाटत होतं.

पुढं सखाची पाळी आली. त्यानं हिसाब केला अन् दोन्ही हातांनी पाटी पुढं धरली. साहेबांनी ती घेतली. साहेबांना त्याची जात माहीत न्हव्हती.

गावात आल्यावर पाटलानं मला चावडीपुढं उभं केलं. चार माणसं जमवल्ती.

"माझ्या पोराला काय शिकवलंस रे? साहेबापुढं पाटी भुईला टाकायची?"

मी म्हणालो, "पाटील, पोरगं जे रोज करत होतं तेच त्यानं केलं जी."

"तोंड वर करून बोलतो?" पाटील म्हणाले. मंग आवाज खाली आणला. त्यांचा खाली आलेला आवाज जास्त वाईट. "परवा जालन्याला चल माझ्यासंगं. साहेबापुढं हात जोड अन् म्हण, ही वाईट खोड मीच लावली. पोरगं अजाण हाय, त्याची जबानी परत घ्या. म्हणला तर ठीक. न्हाई तर तुझ्या भावाचा दाखला मी मागं घेतो. लिहून देतो की पोरगा चोर हाय."

घरी मायला सांगितलं. ती चुलीपुढं बसल्ती. म्हणली, "म्हणून टाक बाबा. तोंडानं म्हणल्यानं अंगाला काय लागतं? आपण काय आजच खाली मान घालून राह्यलोत का?"

सखा म्हणला, "दादा, तुम्हाला जे वाटंल ते करा." पण तो माझ्याकडं बघत न्हव्हता. त्याला काय पाहिजे ते मला कळत होतं. एवढ्या दिवसांची त्याची मेहनत होती. मी त्याला म्हणालो, "म्हणतो मी. काळजी करू नको." आणि मी म्हणणारच होतो. मी ठरवूनच गेल्तो. गाडीमागं चालताना मी ते वाक्य उर्दूत घोकत होतो, पोरं पाठांतर करतात तसं.

साहेब त्या दिवशी शाळेच्या एका खोलीत बसल्ते. आम्ही आत गेलो. पाटील, बापू, अन् दाराशी मी. पाटलाला उर्दू तोडकीमोडकी यायची. साहेबाला मराठी येत न्हव्हती. म्हणून पाटलाचं बोलणं मलाच उर्दूत सांगायचं होतं. माझा गुन्हा माझ्याच तोंडानं.

पाटील म्हणाले, "सांग साहेबाला. हा आमचा म्हार मास्तर हाय. अडाणी हाय. ह्यानं पोराला वाईट चालीरीत शिकवली. पोराची काही गलती न्हाई."

मी सांगितलं. शब्दाला शब्द सांगितलं. हा म्हार मास्तर आहे, हा अडाणी आहे, ह्यानं शिकवलं. माझ्याबद्दल मी ‘हा’ म्हणत होतो. माझी उर्दू चांगली होती, मौलवीसाहेबांच्या छडीखालची. साहेबांनी मान वर करून बघितलं, एवढा अडाणी माणूस असं कसं बोलतो म्हणून.

"तूने ऐसा सिखाया?" त्यांनी मला विचारलं.

एक ‘जी’ म्हणायचा होता. जन्मभर म्हणत आल्तो. जोहार मायबाप, जी पाटील, जी बापूसाहेब. तोंडात तयार होता.

तो आला न्हाई. मी वाट बघितली. पाटलानं माझ्याकडं बघितलं. तरी आला न्हाई.

मंग मी बोललो. मोठ्यानं न्हाई. साहेब, मी असं शिकवलं न्हाई. ह्यांच्या घरी एक दगड आहे. पोरगं पाटी त्या दगडावर ठेवतं, कारण माझ्या हातात दिली तर ते बाटतं. मी पाटी उचलतो, दुरुस्त करतो, परत दगडावर ठेवतो. मंग घरातली बाई तिच्यावर पाणी ओतते. पोराला वाटलं, पाटी तपासणाऱ्यापुढं ती अशीच ठेवतात. त्याला दुसरी रीत कुणी दाखवली न्हाई. तुमच्याशी हे एकदा झालं. माझ्याशी रोज होतंय.

"काय म्हणून राह्यलाय हा?" पाटलानं बापूला विचारलं. त्यांना दगड अन् पाणी एवढं कळलं असणार.

बापू म्हणाला, "खरं तेच सांगून राह्यलाय, आबा."

साहेबांनी बापूला विचारलं, "ये सच है?"

"हौ जी. रोज," बापू म्हणाला.

साहेब खुर्चीत मागं टेकले. त्यांचा चेहरा सैल झाला. मला वाटलं, आता हा माणूस काही तरी बोलेल. ज्याच्या अंगाला एकदा लागलं त्याला कळेल. मी खरंच तसं समजलो.

"यानी लड़के ने गुस्ताख़ी नहीं की," साहेब म्हणाले. "घर की आदत है." पोरानं अपमान केला न्हाई, घरची सवय आहे. त्यांना हायसं वाटलं. मंग माझ्याकडं वळून, अगदी शांतपणे, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं, "मगर तुझे बुरा किस बात का लगा? मैं अछूत नहीं हूँ. तू तो है."

खोलीत एक पंखा होता, दोरीनं ओढायचा. ओढणाऱ्याचा हात थांबला. तोही आमच्यातलाच असणार.

"मैं भी नहीं हूँ, साहब," मी म्हणालो.

एवढंच. मराठीत मी हे कधी म्हणलो न्हव्हतो. घरात न्हाई, मनात न्हाई. पहिल्यांदा म्हणलो ते परक्या भाषेत, आणि ऐकल्यावर मला कळलं की हे खरं आहे.

साहेब चपराशाला म्हणाले, "इसे बाहर करो."

मी आपणच बाहेर आलो.

पुढं काय झालं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं की खरं बोललं की काही तरी चांगलं होतं. बापूची जबानी परत घेतली. माझ्या बोलण्यानंच त्याची गुस्ताखी माफ झाली. तो पास झाला, सोयरीक झाली, गावात साखर वाटली. पाटलानं सखाचा दाखला मागं घेतला. चोर म्हणून लिहिलं. सखाचे पर्चे झाल्ते, जबानी झाल्ती, सगळं बराबर होतं, पण निकालात त्याचं नाव न्हव्हतं. पर्च्याला जात माहीत नसते असं मी पोरांना सांगायचो. पर्च्यापर्यंत जाऊ देणाऱ्याला माहीत असते, हे मी सांगायचं विसरल्तो. माझी शाळाही गेली. उद्धट म्हणून.

सखा एकदाच बोलला. आम्ही गाव सोडून जालन्याला निघाल्तो, डोक्यावर भांडीकुंडी. म्हणला, "दादा, एक ‘जी’ म्हणला असता तर?"

मी डोक्यावरची भांडी सावरली अन् चालत राहिलो. तो जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला लागला आणि जन्म तिथंच गेला. कापूस छातीत बसला, रात्रंदिवस खोकायचा. माझ्याशी चांगला वागला. पण त्यानं परत कधी पुस्तक हातात धरलं न्हाई, आणि माझ्यासमोर त्या दिवसाचं नाव काढलं न्हाई. हे ओझं माझ्यावर आहे. मी ते कुणाच्या डोक्यावर टाकत न्हाई, आणि खालीही ठेवत न्हाई.

मी जिनिंगच्या मागच्या वस्तीत पोरं जमवली आणि इम्तिहानाला बसवायला लागलो. मंग हैद्राबादचं राज्य गेलं. उर्दू गेली, पर्चे मराठीत आले. इम्तिहान राहिलंच. पाटीही राहिली.

माझ्याकडं पोरगं आलं की पहिल्या दिवशी मी काही शिकवत न्हाई. पाटी त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, दे मला. तो देतो. मी घेतो. परत देतो. सगळ्यांनी एकमेकांना द्यायची, म्हाराच्या पोरानं वाण्याच्या पोराला, मांगाच्या पोरीनं मला. जे पोरगं पाटी खाली ठेवील त्याला त्याच दिवशी घरी पाठवतो, मंग ते कुणाचं का असंना. त्याच्या बापानं पुढं कितीही विनंत्या केल्या तरी परत घेत न्हाई.

मध्यंतरी एका कापसाच्या व्यापाऱ्याचा माणूस आल्ता. मालकाच्या पोराला घरी येऊन शिकवा म्हणला. आता काही तसलं राहिलं न्हाई मास्तर, तुमच्यासाठी खास वेगळी सतरंजी टाकू.

"वेगळी कशाला?" मी विचारलं.

"तुमच्या मानासाठी."

मी त्याला म्हणालो, मी कुणाच्या घरी जात न्हाई. पोराला इथं पाठवा. इथं एकच चटई आहे. तो गेला. पोरगं आलं न्हाई.

मला अजून उलटं लिहिता येतं. बोट मातीत टेकलं की आपोआप यायला बघतं. मी लिहीत न्हाई. ज्याला वाचायचं आहे त्यानं खाली यावं, माझ्या बाजूला बसावं.

लोक विचारतात, भावाचं वाटोळं झालं, परत तशी वेळ आली तर काय करशील? तेच बोलीन. फक्त जालन्यापर्यंत थांबणार न्हाई, साहेबानं विचारायची वाट बघणार न्हाई. पहिल्या दिवशी बोलीन, त्या दगडापाशीच, पाटी भुईला टेकायच्या आधी.